क्षेत्र म्हणजे बिंदू नव्हे

बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत ६८ शिवलिंगे स्थापिली, असे परंपरा सांगते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, सात नंदीध्वज उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि या लिंगांना तैलाभिषेक होतो. सोलापूरकर या विधीला यण्णीमज्जन म्हणतात. ही ६८ लिंगे संगणकावरच्या नकाशात घ्यायची म्हटली तर काम वरकरणी सोपे आहे. मोबाइलच्या जीपीएसने एकेका जागेचे अक्षांश-रेखांश टिपायचे, ६८ ओळींचा तक्ता करायचा, तो क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा. पडद्यावर ६८ ठिपके उमटतात. पण ठिपका उमटला की जो प्रश्न उभा राहतो तो तंत्राचा नाही. या ठिपक्याने आपण नेमके काय सांगितले? देव इथे आहे, हे? की इथे एक शिळा आहे, एवढेच? माझे म्हणणे असे की पवित्र जागेला बिंदू मानणे ही नकाशाकाराची सोय आहे. ती सोय आहे याचा विसर पडला, तर श्रद्धेविषयी आणि भूगोलाविषयीही आपण चुकीचे बोलू लागतो.

जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकी नकाशाच्या तंत्रात, रेखाटलेली प्रत्येक वस्तू तीनपैकी एका आकारात बसवावी लागते: बिंदू, रेषा किंवा क्षेत्र. विहीर बिंदू, रस्ता रेषा, तलाव क्षेत्र. पण ही वाटणी वस्तूच्या स्वभावातून येत नाही, ती नकाशाच्या प्रमाणातून येते. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, म्हणून तिथे अख्खे देऊळ ठिपक्यात मावते. १:५०० वर एक मिलिमीटर म्हणजे जेमतेम अर्धा मीटर. त्या नकाशात गाभारा, सभामंडप, पायऱ्या वेगळ्या काढाव्या लागतात आणि तेच देऊळ क्षेत्र होते. देऊळ होते तिथेच आणि होते तेवढेच असते, आपण किती जवळ गेलो ते तेवढे बदललेले असते. आणि इथे मराठी भाषा फार शहाणपणाने वागली आहे. देवस्थानाला आपण श्रीक्षेत्र म्हणतो. श्रीबिंदू असे कुणी कधी म्हटले नाही. पंढरपूर क्षेत्र आहे म्हणताना विठ्ठलाची मूर्ती ज्या चार हात जागेवर उभी आहे तेवढी जागा कुणाच्या मनात नसते. चंद्रभागा, वाळवंट, पुंडलिकाचे मंदिर, नामदेव पायरी हे सारे त्यात येते. गीतेच्या तेराव्या अध्यायात तर शरीरालाच क्षेत्र म्हटले आहे, आणि ते जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. नकाशाच्या तक्त्यात क्षेत्राचा रकाना असतो. क्षेत्रज्ञ मात्र तक्त्याबाहेर, माउस हातात धरून बसलेला असतो. प्रमाण कोणते घ्यायचे हे तो ठरवतो आणि नकाशात आपण स्वतः कुठेच नाही असे मानून मोकळा होतो.

अक्षांश-रेखांश तरी पक्के असतात ना, असे कुणी विचारेल. सोलापूर साधारण १७.६६ उत्तर आणि ७५.९ पूर्व, यात मत कशाला? पण हे आकडे पृथ्वीचा एक ठराविक लंबगोल गृहीत धरून काढलेले असतात. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीला हात घातला. तो १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला आणि काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेले. भारताचे जुने नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेले आहेत, तर आजचा जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर चालतो. एका पद्धतीचे आकडे दुसरीत न बदलता तसेच टाकले, तर सोलापुरात ठिपका शंभर मीटरांहून अधिक सरकतो. गावातले सिद्धेश्वराचे देऊळ तलावाच्या मधोमध आहे; तेवढी चूक त्याला पाण्यात टाकायला पुरेशी आहे. वेबवरचे नेहमीचे नकाशे ज्या मर्केटर प्रक्षेपावर चालतात, त्यात सोलापूरची लांबी सुमारे ५ टक्क्यांनी आणि क्षेत्रफळ सुमारे १० टक्क्यांनी फुगते. शिवाय मोबाइल सहा दशांश स्थळांपर्यंत आकडा दाखवतो, म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटरपर्यंत, आणि त्याची स्वतःची खात्री मात्र मोकळ्या आभाळाखालीही काही मीटरांचीच असते. वैशेषिकांनी हे वेगळ्या वाटेने सांगून ठेवले आहे: दिक् एकच आहे, पूर्व-पश्चिम हे तिचे भेद उपाधीमुळे भासतात. लंबगोल ही आपल्या काळाची उपाधी. तेव्हा ‘कुठे’ हा शब्दसुद्धा एकट्याने उभा राहत नाही, तो कशाच्या तरी संबंधाने ‘कुठे’ असतो.

असा नकाशा काढण्यावरचा सगळ्यात तिखट आक्षेप सिद्धरामांच्याच चरित्रात आहे. शून्यसंपादने या कन्नड ग्रंथातली कथा अशी की शरण संत अल्लमप्रभू सोन्नलिगेला, म्हणजे आजच्या सोलापुरात आले, तेव्हा सिद्धराम तलाव आणि देवळे बांधण्यात गढले होते. खोदकाम करणाऱ्यांशी अल्लमांचा खटका उडाला आणि मग खुद्द सिद्धरामांशी वाद झाला. माती उपसून आणि दगड रचून जे उभे राहते त्यात तू कशाला गुंततोस, असा अल्लमांचा रोख. शेवटी ते सिद्धरामांना कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांकडे घेऊन गेले. बसवण्णांच्या मार्गातल्या भक्तांच्या, म्हणजे शरणांच्या, भाषेत हा स्थावर आणि जंगम यांतला भेद आहे: उभे ते कोसळणारे, चालते ते टिकणारे. या नजरेने पाहिले तर ६८ ठिपक्यांचा नकाशा म्हणजे स्थावराचेही स्थावर, दगडाची सावली. मग तो काढायचाच कशाला?

आक्षेपाचे बळ मला मान्य आहे, निष्कर्ष मात्र नाही. सिद्धराम कल्याणला गेले तरी त्यांची समाधी सोलापुरातच आहे आणि त्यांचा तलाव आजही गावाच्या मधोमध आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोकांनी त्या ६८ लिंगांचे पुढे काय केले. ती नुसती पूजत न बसता त्यांच्यामधून चालण्याची रीत घातली. नंदीध्वज पेलणारे वेगवेगळ्या समाजांचे मानकरी वर्षातून एकदा त्या स्थावरांना जंगमाच्या धाग्यात ओवतात. लिंग कुठे आहे यापेक्षा कोणत्या लिंगानंतर कोणते, हे या यात्रेला अधिक ठाऊक असते. म्हणजे अल्लमांचे उत्तर नकाशा फाडण्यात नाही. ते नकाशात रेषा आणण्यात आहे. ६८ ठिपक्यांच्या थरावर यात्रेच्या मार्गाचा दुसरा थर घाला, तक्त्यात क्रमाचा रकाना घाला, तिथी लिहा, आणि तोच नकाशा दगडांची यादी राहत नाही.

व्यवहारी माणूस म्हणेल की हे सगळे कशाला, पोलीस बंदोबस्ताला आणि रुग्णवाहिकेला ठिपका पुरतो. पुरतो हे खरेच, आणि त्या कामासाठी ठिपकाच हवा. संक्रांतीच्या गर्दीत कुणाला भोवळ आली तर तत्त्वज्ञान कामाचे नाही. पण एका कामासाठी केलेला थर सगळ्या कामांना वापरला जातो, हे नकाशांचे जुने दुखणे आहे. बंदोबस्तासाठी टाकलेला ठिपका उद्या विकास आराखड्यात जातो, परवा कुणाच्या दाव्यात पुरावा होतो, आणि ठिपक्याच्या बाहेरची जागा रिकामी होती असे गृहीत धरले जाते. याच यात्रेत ज्या संमती कट्ट्यावर वर्षातून एकदाच अक्षता पडतात, त्याला उरलेले ३६४ दिवस नकाशात कोणते चिन्ह द्यायचे? ‘धार्मिक स्थळ’ या एका रंगाच्या चिन्हात तो कट्टा बसत नाही, आणि कोऱ्या कागदातही बसत नाही.

म्हणून नकाशाची मांडणी मला नीतीचा भाग वाटते. नावाचेच घ्या. सोलापूर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलते. सिद्धरामांची वचने कन्नडात, यात्रेतल्या हाका तीन-चार भाषांत. नकाशात नावाचा रकाना एकच ठेवला, तर कोणती तरी एक भाषा गावाची मालक होते. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशात एकाच जागेला प्रत्येक भाषेतले नाव स्वतंत्रपणे नोंदवता येते. सोय तयार आहे, कष्ट तेवढे घ्यायचे आहेत. तलावाची कड कोणत्या महिन्यातली, हेही लिहायला हवे, कारण भाद्रपदातले पाणी आणि वैशाखातले पाणी एका रेषेत मावत नाही. आपल्याकडे याचा वडीलधारा नमुना आहे. महानुभावांच्या स्थानपोथीत चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले त्या जागा दिशांसकट नोंदल्या आहेत, आणि जागेशी तिथली लीला जोडलेली आहे. ‘कुठे’ आणि ‘काय घडले’ हे दोन रकाने त्या पोथीने वेगळे होऊ दिले नाहीत.

यण्णीमज्जनाची रेषा संगणकावर काढताना शेवटी एक छोटी गोष्ट घडते. नंदीध्वज वाड्यातून निघतात आणि लिंगे फिरून वाड्यातच परततात, त्यामुळे रेषेचा पहिला आणि शेवटचा बिंदू एकच येतो. सॉफ्टवेअरला तरीही ती रेषाच वाटते. तिने वेढलेले ते क्षेत्र आहे, हे काढणाऱ्याला स्वतः सांगावे लागते. ते सांगितले की वेढ्याच्या आतली घरे, गिरण्यांच्या जागा, बोळ, नाले आणि ज्यांच्या दारात एकही लिंग नाही अशी कितीतरी माणसे त्या क्षेत्रात येतात.