पाणी शिरलं कुठून?

अमेरिकेत कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथे अ‍ॅस्टोरिया नावाचं गाव आहे. पाऊस वर्षाला सुमारे 1,700 मिलिमीटर. पण तो आपल्याकडच्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, ऑक्टोबरपासून मेपर्यंत झिमझिमत राहतो. तिथल्या एका निवृत्त मच्छीमाराकडे ट्रक कॅम्पर होता. पिकअपच्या हौद्यात बसवायची खोली: सांगाडा लाकडी, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि ड्रायव्हरच्या टपावर पुढे आलेला झोपायचा माळा.

एका हिवाळ्यात माळ्यावरच्या खिडकीखाली तळहाताएवढा तपकिरी डाग उमटला. मच्छीमाराने खिडकीभोवती सिलिकॉन फासलं. पुढच्या वर्षी डाग वाढला, त्याने आणखी फासलं.

शेजारी होड्या दुरुस्त करणारा सुतार राहायचा. तो म्हणाला, "डाग दिसतो तिथूनच पाणी शिरतं असं नाही. छपराच्या कडेची पट्टी काढून बघू. तिच्याखालची ब्युटाइल टेप वाळली की पाणी स्क्रूच्या भोकातून उतरतं, लाकडाच्या कडेने हातभर चालतं आणि फट मिळेल तिथे बाहेर येतं. तू त्याची बाहेर पडायची वाट बुजवतोयस."

"पट्टी काढली की काम वाढेल."

वाढणारच होतं. पण पट्टी न काढल्याने ते थांबलं नव्हतं. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीचं काही चालत नाही. पत्रा आणि आतली प्लाय यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याला मात्र सुकायला वावच नसतो. मला या सगळ्यात भीती वाटते ती त्या शांततेची: भिंत गुळगुळीत, गाडी रस्त्यावर, आणि आतलं लाकूड रोज थोडं कमी.

काही वर्षांनी त्याने कॅम्पर विकायला काढला. डागावर नवी प्लाय ठोकली, पांढरा रंग दिला. एक नर्स आपल्या मुलीला घेऊन बघायला आली. मुलगी थेट माळ्यावर चढून आडवी झाली.

"मला यातलं काही कळत नाही," आई म्हणाली. "तुम्ही सांगाल ते खरं मानेन. कुठे गळतं का?"

दुसऱ्याच्या होडीत पाय टाकण्याआधी मच्छीमाराने आयुष्यभर हाच प्रश्न विचारला होता. समोरच्याच्या उत्तरावर विसंबून तो समुद्रात गेला होता.

"गळतं," तो म्हणाला, आणि त्याने सुताराला हाक मारली.

दोघांनी खिडक्या बंद केल्या, छपराच्या झरोक्यात पंखा बसवून आत हवा भरली आणि बाहेरून साबणाचं पाणी शिंपडलं. खिडकीशी एकही बुडबुडा नव्हता. ते फुटत होते वर, कॅम्परच्या कपाळावरच्या छोट्या दिव्यांच्या बुडाशी आणि कडेच्या पट्टीखाली. पट्टीचे स्क्रू बोटांनीच निघून आले. आतलं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. ज्या चार जॅकवर अख्खा कॅम्पर उचलतात, त्यांतले पुढचे दोन याच लाकडाला बोल्टने बसवलेले.

"मग आता किंमत काय?" तिने विचारलं.

"आता विकायचाच नाही. जूनमध्ये या. नवं लाकूड घालून भिंती उघड्या ठेवतो. आधी बघा, मग प्लाय ठोकू."

जूनमध्ये ती आली. प्रत्येक कोपऱ्यात तिने पेचकसाचं टोक रोवून पाहिलं. मागच्या डाव्या जॅकजवळ ते जरा आत गेलं. मच्छीमाराने तेवढं लाकूडही त्याच आठवड्यात बदललं.