रुग्णालय दूर असताना

मदत थोड्याच वेळात पोहोचेल, असे धरूनच शहरातल्या प्रथमोपचाराचे नियम केलेले असतात. रक्तस्राव दाबून धरावा, जखमीला हलवू नये, १०८ला फोन करून रुग्णवाहिकेची वाट पाहावी. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर कोणी घसरून पडले, तर नुसती वाट पाहण्याला अर्थ उरत नाही. मोबाइलला रेंज नसते, गाडीरस्ता काही तासांवर असतो, जखमीला उतरवायला दोर आणि दहा-बारा माणसे लागतात. पावसाळ्यात अंधार पडला तर उजाडेपर्यंत थांबावे लागते. या मधल्या वेळात रुग्णाला सांभाळण्याची विद्या म्हणजे दुर्गम भागातील आपत्कालीन वैद्यक.

या विद्येचे अभ्यासक्रम अमेरिकेत १९७०च्या दशकात आकाराला आले आणि १९८३मध्ये तिथे वाइल्डरनेस मेडिकल सोसायटी स्थापन झाली. नेपाळमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशन त्याच्याही आधी, १९७३मध्ये सुरू झाली होती. एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे येथे तिचा दवाखाना चालतो. रुग्णालय तासाभरापेक्षा दूर असेल तर ती जागा दुर्गम, असा ठोकताळा या क्षेत्रात मानतात. तो लावला तर मेळघाट आणि गडचिरोलीतले कितीतरी पाडे त्यात बसतात, आणि तिथे कोणी साहसासाठी राहत नाही. डॉक्टर नसलेल्यांसाठी प्राथमिक अभ्यासक्रम साधारण सोळा तासांचा असतो; मोहिमांच्या म्होरक्यांसाठी असलेला ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ हा सत्तर-ऐंशी तासांचा.

वेळ लांबला की नियमही बदलतात. शहरात उंचावरून पडलेल्या प्रत्येकाचा कणा मोडला आहे असे समजून त्याला फळीवर बांधता येते. डोंगरात तसे केले तर चालू शकणाऱ्या माणसाला उचलून न्यावे लागते आणि वाहणारे दहाजण धोक्यात येतात. म्हणून कण्याची पद्धतशीर तपासणी करून दुखापतीची शक्यता वगळायला शिकवतात. निखळलेला खांदा शहरात डॉक्टरवर सोपवावा, पण चार तासांच्या उतरणीआधी तो जागेवर बसवणे हिताचे ठरू शकते. हृदय बंद पडलेल्याची छाती अर्धा तास दाबूनही नाडी परतली नाही, तर थांबावे असे सांगितले जाते. थंडीने गारठलेला रुग्ण याला अपवाद. हे ऐकायला कठोर वाटते. पण दमलेल्या सोबत्यांनाही जिवंत खाली उतरायचे असते.

या प्रशिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र पट्ट्या आणि खपच्या बांधण्याचा नाही. ठरावीक अंतराने नाडी, श्वास, शुद्ध आणि त्वचेचा रंग पाहून वेळेसह लिहून ठेवणे, हे काम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच शिकवावे लागते. पोटाला मार लागलेल्याची नाडी नव्वद असेल, तर त्यावरून फारसे कळत नाही. तीच तासाभरात एकशे वीसवर गेली, तर आत रक्तस्राव होत असल्याची दाट शंका येते. रात्र काढायची की आत्ताच उतरायचे, रुग्णाला चालवायचे की झोळी मागवायची, हे अशा नोंदींवरून ठरते. डोके शांत नसलेला गट नेमका याच निर्णयात चुकतो.

सह्याद्रीत दोन प्रसंगी हे ज्ञान फार उपयोगी पडते. गडांच्या कातळांवर आग्या मोहोळे असतात. धुराने किंवा दगड मारल्याने ती उठतात. ॲलर्जी असलेल्याचा घसा एखाद्या डंखानेही काही मिनिटांत आवळू शकतो. त्यावर मांडीत दिलेले ॲड्रिनलीन हे एकच खरे औषध आहे. त्याची कुपी स्वस्त असते; ती वापरू शकणारा माणूस दुर्मीळ असतो. दुसरा प्रसंग सर्पदंशाचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर प्रतिसर्पविष हाच उपाय आहे, आणि त्याचीही तीव्र प्रतिक्रिया येऊ शकत असल्याने ते दवाखान्यातच द्यावे लागते. म्हणून चीर देणे, विष चोखणे, दोरीने करकचून आवळणे हे सगळे वर्ज्य. अवयव हलू नये असा बांधायचा आणि रुग्णाला चालू न देता उचलून न्यायचे. इथे जे करायचे नाही, त्याचे शिक्षण अधिक महत्त्वाचे ठरते.

हिमालयात जाणाऱ्या मराठी गटांपुढचा प्रश्न उंचीचा असतो. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा दररोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, हा नियम अनेकांना माहीत असतो. पण सुट्ट्या मोजक्या असल्या की तो मोडला जातो. डोकेदुखीनंतर तोल जाऊ लागला, सरळ रेषेत चालता येईना, तर मेंदूला सूज आलेली असू शकते. मग शिखर पन्नास मीटरवर असो, उतरणे हाच उपचार.

प्रशिक्षणाला मर्यादाही आहेत. सराव नसला तर हात विसरतात, म्हणून प्रमाणपत्राची मुदत दोन-तीन वर्षांची ठेवतात. कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला दिलेले संरक्षण वाहन-अपघातांपुरते आहे. डोंगरात इंजेक्शन देणाऱ्या सामान्य माणसाला ते लागू पडत नाही. आणि हे अभ्यासक्रम महाग असल्याने ते बहुतेक शहरी हौशी मंडळीच करतात. अपघातस्थळी मात्र बहुधा सर्वांत आधी पोहोचतो तो पायथ्याच्या वाडीतला वाटाड्या, वनरक्षक किंवा गुरे चारणारा पोरगा. वाटा त्याला पाठ असतात, झोळी करणे त्याला येते. श्वासमार्ग मोकळा ठेवणे आणि नाडी लिहिणे त्याला शिकवले, तर शहरातून गेलेल्या बचावगटाच्या कितीतरी तास आधी उपचार सुरू होतील. गर्दीच्या गडांखालच्या गावांत मराठीतून असे मोफत वर्ग घेणे सरकारी खात्यांना आणि गिर्यारोहण संस्थांना अवघड नाही. आणि पैसे भरून ट्रेकला जाणाऱ्यांनी आयोजकाला जेवणात काय असेल हे विचारण्याआधी, म्होरक्याचे प्रशिक्षण कोणते आणि कधीचे, हे विचारावे.