ढोलीचा हिशेब

पनवेलमध्ये झाडतोडीवरून वाद पेटला की दोन्ही बाजू आकडेच मांडतात: तोडली किती, लावली किती. कायद्याचा कलही तिकडेच आहे. राज्याच्या वृक्ष कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष ठरवले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. अट बरीच म्हणायची, पण पोया माशीला तिचा उपयोग नाही. डंख नसलेली ही काळसर मधमाशी जेमतेम तीन-चार मिलिमीटरची. ती उघड्यावर पोळे बांधत नाही. तिला जुन्या खोडातली ढोली लागते, नाहीतर भिंतीतली फट. साठ वर्षांचा आंबा गेला आणि साठ रोपे आली, तरी राहण्याजोगी ढोली त्यांत एकही नाही.

माशी दुसरीकडे जाईल, हे म्हणणे आग्या माशीपुरते ठीक आहे. ती हंगामाप्रमाणे मुक्काम हलवते, सातेरीही फार त्रास झाला की पोळे सोडते. पोयाची अंडी घालणारी राणी मात्र पोट फुगल्यामुळे उडूच शकत नाही. नवे घरही हळूहळू उभे राहते: कामकरी माश्या जुन्या घरातून मेण आणि राळ वाहून नेतात, मग तरुण राणी तिकडे जाते. त्यामुळे दुसरी ढोली पहिलीच्या जवळच असावी लागते. कर्नाळ्याचे अभयारण्य शाबूत आहे म्हणून पनवेलच्या आसपासच्या गावांत बांधांवरचे जुने आंबे गेले तरी चालतील, हा युक्तिवाद इथेच अडतो.

ती घरांच्या भिंतींतही राहते, हे खरेच. पण डागडुजीत फट बुजली की बिऱ्हाड संपले. केरळात तिला पेट्यांत पाळतात, तिथे रोज लक्ष ठेवणारा माणूस असतो. खरा आक्षेप वेगळा आहे: पोकळ झाड पावसाळ्यात माणसाच्या अंगावर पडते. शाळेच्या दाराशी असे झाड असेल तर ते तोडावेच, माशीसाठी मूल धोक्यात घालू नये. मात्र वर्दळीपासून दूरच्या झाडाच्या जड फांद्या उतरवून खोड ठेवता येते, आणि तोडावेच लागले तर पोळ्यासह ओंडका जवळच सावलीत उभा करता येतो. त्यासाठी आधी ढोली दिसायला हवी. परवानगीच्या अर्जात उंची, घेर आणि वयाशेजारी तिच्यासाठी एक रकाना वाढवायला फारसा खर्च येणार नाही.