बाबेलोनच्या नद्या आणि आमचा कालवा

कालव्याचे उन्हाळी आवर्तन सुटले की दौंड तालुक्यातील एक वृद्ध माता काठावर जाऊन बसते. तिचे गाव मोसे नदीच्या खोऱ्यात होते. आज तेथे वरसगावचा जलाशय आहे. ते पाणी खडकवासल्यात उतरते आणि मुठा उजव्या कालव्याने दौंड-इंदापूरपर्यंत येते. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची ती शेजारीण. घराच्या आशीर्वादासाठी आम्ही गेलो असता तिने विचारले, "फादर, जमिनीला जमीन मिळाली, मग आम्ही अजून परके कसे?"

आम्हांला तत्काळ उत्तर सुचले नाही.

हद्दपारी ही शिक्षा असते. तिच्यामागे गुन्हा असतो, निदान आरोप तरी असतो, आणि पुढे आशा असते. इ. स. पूर्व ५८७ मध्ये यरुशलेम पडले आणि यहुदी बाबेलोनला नेले गेले. पण पुढे राज्य बदलले आणि ५३८ मध्ये कोरेश राजाने त्यांना परतीची मुभा दिली. धरणाखाली गाव गेलेल्याने गुन्हा केलेला नसतो, आणि त्याने कोणत्या राजाच्या मरणाची वाट पाहावी? शिवाय त्याच्या वनवासाचे पाणी आपण सारेच पितो. पुणे शहर पिते, येथला ऊस पितो.

१९७६ च्या पुनर्वसन कायद्याने, ज्यांना धरणाचा लाभ त्यांच्याच क्षेत्रातून विस्थापितांना जमीन द्यावी, असे तत्त्व घातले. तत्त्व न्याय्य आहे. म्हणूनच वरसगावची कुटुंबे दौंडकडे आली, चासकमानची शिरूरकडे. पण ती जमीनही कोणाची तरी होतीच. ज्याच्या सातबाऱ्यावर पुनर्वसनाचा शिक्का पडला, त्या शेतकऱ्याची कळ खोटी म्हणता येत नाही. मात्र ती कळ तो काढतो कोणावर? सरकार दूर असते, धरणग्रस्त बांधाला असतो. मग सोयरीक ठरवतानाही तिसऱ्या पिढीच्या मुलाची ओळख 'धरणग्रस्तांचा' अशीच दिली जाते.

यिर्मयाने बंदिवानांना लिहिले होते की घरे बांधा, मळे लावा, त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हा उपदेश आम्ही धर्मगुरू फार सहज करतो, कारण तो आलेल्यांना करायचा असतो. मूळच्या रहिवाशांसाठी वचन आहे ते मोशेच्या नियमशास्त्रात: तुम्हीही मिसर देशात परके होता. त्यावर प्रवचन करताना समोर बसलेले बागायतदार दिसतात, आणि आमचाच आवाज जरा उतरतो.

उजनीचे पाणी आटले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि माणसे ते पाहायला जातात. आम्ही त्या मातेला विचारले, गाव पाहायला जावेसे वाटते का? ती म्हणाली, "तिथं काय उरलंय, फादर? नदी इथंच येते की." आणि तिने नातवाला हाक मारून कळशी आणायला सांगितली.