उपचारापूर्वींची सज्जता आणि तिचें माप

मोजल्यावांचून कांहीं खरें मानूं नये, ही शास्त्राची शिस्त. आणि माणसाचें सारेंच मोजतां येत नाहीं, ही अनुभवाची साक्ष. या दोहोंचा सामना ग्रंथांत चालतो तोंवर त्यांत एक प्रकारची मौज असते. पण तोच आजाऱ्याच्या खाटेशीं होऊं लागला म्हणजे त्याला निराळें गांभीर्य येतें. असा एक प्रसंग गेल्या पावसाळ्यांत आम्हीं जवळून पाहिला.

आमचे एक वृद्ध स्नेही, पनवेलच्याच शाळेंतून निवृत्त झालेले शिक्षक, यांना मोठ्या आंतड्याचा कर्करोग असल्याचें निष्पन्न झालें. शस्त्रक्रियेस तीनचार आठवड्यांचा अवकाश होता. तेवढ्या अवधींत नुसती वाट पाहत बसूं नका, असें डॉक्टरांनीं बजावलें. रोज ठराविक चालणें, हातापायांचे हलके व्यायाम, जेवणांत डाळ, दूध व अंडें यांची भर, आणि मनांतली भीति मोकळेपणीं बोलून दाखविणें, असा क्रम त्यांना आंखून मिळाला. वडाळे तळ्याच्या कांठीं ते सकाळीं फिरतांना दिसूं लागले. घरीं वहिनी कॅलेंडरावर त्यांच्या फेऱ्या मांडीत असत. रुग्णालयांत सहा मिनिटें चालवून अंतर मोजलें होतें. तीन आठवड्यांनीं पुन्हां मोजलें, तें ३२ मीटरांनीं वाढलेलें निघालें. त्या संध्याकाळीं ते आम्हांला म्हणाले, “प्रोफेसर, बत्तीस मीटर वाढले हें खरें, पण त्यानें माझें काय वाढलें, तें सांगा.” त्या वेळीं आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

या पूर्वसज्जतेस हल्लीं ‘प्रीहॅबिलिटेशन’ म्हणतात. नांव नवें असलें तरी मूळ विचार आपणांस परका नाहीं. सुश्रुतानें शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले आहेत. आणि ज्या गांवीं १८७२ पासून धूतपापेश्वरची आयुर्वेदीय औषधें तयार होत आलीं, त्या गांवीं तरी ‘पूर्वकर्म’ या शब्दाचा अर्थ फोडून सांगण्याचें कारण नाहीं. मोठी शस्त्रक्रिया म्हणजे शरीरावर येणारा अवचित खर्च होय. ज्याच्या गांठीं शक्तीची शिल्लक आहे तो त्यांतून सांवरतो. ज्याची गांठ रिकामी त्याला कर्ज फेडणें जड जातें. म्हणून खर्चाआधीं शिल्लक वाढवावी, इतकाच यांतला युक्तिवाद. नवें आहे तें एवढेंच कीं, ही शिल्लक वाढली काय आणि तिचा उपयोग झाला काय, हें मोजून पाहण्याचा आग्रह.

या मोजणीनें काय दाखविलें? कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें आंतड्याच्या कर्करोगाच्या ७७ रोग्यांचे दोन गट करून एकाला हा क्रम शस्त्रक्रियेपूर्वीं व दुसऱ्याला नंतर दिला. २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत आठ आठवड्यांनीं आपली मूळची चालण्याची शक्ति परत मिळविणारे पहिल्या गटांत शेंकडा ८४ व दुसऱ्यांत ६२ निघाले. पुढें २०२० मध्यें तेथीलच ११० दुर्बल रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांतील गुंतागुंतींच्या बाबतींत दोन्ही गटांत फरक दिसला नाहीं. २०२३ मध्यें युरोप व कॅनडा येथील २५१ रोग्यांचा निष्कर्ष आला. येथें दुसऱ्या गटाला फक्त नेहमींचे उपचार होते. गंभीर गुंतागुंती सज्ज केलेल्यांत शेंकडा १७.१, तर इतरांत २९.७. मात्र त्याच अभ्यासांत, शस्त्रक्रियेनंतर चार आठवड्यांनीं चालण्याच्या अंतरांत निश्चित म्हणावा असा फरक आढळला नाहीं.

घाईचा वाचक म्हणेल, शास्त्रज्ञांतच एकमत नाहीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. रोगी निराळे, तुलना निराळी, माप निराळें. मग उत्तर एकच कसें यावें? मीटर हा साक्षीदार आहे, फिर्यादी नव्हे. त्याला जेवढें विचारावें तेवढेंच तो सांगतो. म्हणून ‘काय मोजावें’ हा प्रश्न दिसतो तांत्रिक, पण मुळांत तो ‘कशाला चांगलें म्हणावें’ असा नीतीचा प्रश्न आहे.

आपल्याकडे तंबाखूपायीं तोंडाचा कर्करोग फार. त्या रोग्याचें तोंड किती मिलिमीटर उघडतें आणि घांस गिळतां येतो कीं नाहीं, याला चालण्याच्या अंतराहून अधिक मोल आहे. जीवनमानाविषयींची तीस प्रश्नांची एक युरोपीय प्रश्नावली मराठींतहि उतरली आहे. जड पिशवी उचलतांना त्रास होतो काय, आंघोळीस मदत लागते काय, असें ती विचारते. हे प्रश्न योग्यच आहेत; परंतु कोणाला पुन्हां शेताच्या बांधावर जायचें असतें, कोणाला नातवाला कडेवर घ्यायचें असतें. सर्वांना एक माप लावल्यावांचून तुलना होत नाहीं, आणि ज्याचें त्याला विचारल्यावांचून त्या मापाला अर्थ येत नाहीं. दोन्ही नोंदी शेजारींशेजारीं असाव्यात.

याहून अवघड प्रश्न न आलेल्यांचा. पनवेल तालुक्यांतच, खारघर येथें, टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावरील उपचार व संशोधनाची मोठी संस्था आहे. अशा ठिकाणीं दूरदूरचे लोक येतात. रोजंदारी बुडवून येणाऱ्याला अंडीं-दूध कोठून मिळणार, आणि भाड्याच्या खोलींत तो फेऱ्या कोठें मारणार? असा माणूस मध्येंच क्रम सोडतो. त्याला हिशेबांतून वगळलें तर उरलेल्यांचे आंकडे साजरे दिसतात. पण तो हिशेब खोटा. ज्याला ज्या गटांत घातलें त्याची गणना त्याच गटांत झाली पाहिजे, आणि तो कां आला नाहीं याचीहि नोंद झाली पाहिजे. या सज्जतेपायीं मूळ उपचार लांबणीवर पडतां कामा नये, हें तर सांगणेंच नको.

आतां राहिला आमच्या स्नेह्यांचा प्रश्न. शस्त्रक्रिया पार पडली; पण जखम चिघळली आणि ते बाराव्या दिवशीं घरीं आले. आल्याआल्या म्हणाले, “मीच कमी चाललों असेन.” हें ऐकून आम्हांस खरोखर वाईट वाटलें. मोजणीचा सर्वांत मोठा धोका हाच कीं, वैद्यानें शास्त्रासाठीं काढलेला आंकडा रोगी स्वतःवरचा दोषारोप म्हणून वाचतो. आपल्या परंपरेंत फळावर दृष्टि न ठेवतां कर्म करावें असें म्हणतात. आमच्या मतें हा उपदेश रोग्याला लागू आहे, वैद्याला नाहीं. रोग्यानें चालावें आणि हिशेब सोडून द्यावा; वैद्यानें मात्र फळ मोजलेंच पाहिजे, नाहीं तर तो उद्यांच्या रोग्याला श्रद्धेच्या नांवाखालीं फुकट राबवील.

आम्हीं त्यांना सांगितलें, “मास्तर, तुम्ही चालला नसतां तर काय झालें असतें, हें कोणालाहि कळणार नाहीं. एक माणूस दोन्ही गटांत असूं शकत नाहीं. तें शेंकडों लोकांची बेरीज केल्यावरच दिसतें. बत्तीस मीटरांची नोंद त्या बेरजेंत गेली, तर ती पुढल्यांच्या उपयोगी पडेल. तळ्याकांठच्या सकाळीं तेवढ्या तुमच्या.”

ते कांहीं बोलले नाहींत. दिवाळीच्या सुमारास ते पुन्हां तळ्यावर दिसले. वहिनी बरोबर होत्या. कॅलेंडरावर फेऱ्या मांडणें त्यांनीं आतां सोडून दिलें आहे, असें त्या म्हणाल्या.