कोयता की नांगर

काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत मी पाचवीच्या मुलांकडून शिष्यवृत्तीची तयारी करून घेत होतो. सकाळचा जादा तास, बुद्धिमत्ता चाचणी, ‘गटात न बसणारे पद ओळखा’. पर्याय होते विळा, खुरपं, कोयता, नांगर. उत्तरसूचीत नांगर होता, कारण बाकीची अवजारं हातात धरायची आणि नांगराला बैल लागतात. एका मुलीनं कोयत्याचा गोल काळा केला होता. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, “सर, बाकी समदं घरीच ऱ्हातं. कोयता कारखान्याला जातो.”

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागं. त्या मुलीच्या लेखी तो शब्द म्हणजे अवजार नव्हताच, तिचे आईबाप होते. मी तिला शाबासकी दिली आणि उत्तरावर फुली मारली. दोन्ही एकाच मिनिटात केलं, आणि तेव्हा त्यात काही विसंगत आहे असं मला वाटलंही नाही.

फुली मारणारा हात माझा होता, पण सवय फार जुनी होती. सगळ्या मुलांना एकच प्रश्न, एकच उत्तर आणि त्यावर कुणाचा तरी निवाडा, ही कल्पना आपल्याकडच्या शाळांत आली ती मुलासाठी नव्हे, मास्तरसाठी. इंग्लंडात 1862 साली रॉबर्ट लो यांनी शाळांचं अनुदान निकालाला बांधलं. निरीक्षक यायचा, एकेका मुलाला वाचायला, लिहायला आणि हिशेब करायला लावायचा, आणि मूल ज्या विषयात अडखळेल त्याचे पैसे शाळेच्या अनुदानातून कापले जायचे. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी स्वतः शाळा निरीक्षक होता. सगळं शिक्षण यंत्रासारखं झालंय, मुलं वाचनाचं पुस्तक पाठ करून वेळ मारून नेतात, अशी तक्रार तो आपल्या अहवालांतून करत राहिला. मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची ही पद्धत लवकरच आली.

1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढं दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी या पद्धतीवर बोट ठेवलं. हे निवेदन आपण आठवतो ते सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी. निकालपद्धतीबद्दलचा त्यातला भाग मात्र सहसा कुणी काढत नाही. ज्या गरीब समाजाला शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, त्याला ही पद्धत सोयीची नाही, असं फुले म्हणतात. अशा वस्तीत आपल्या जबाबदारीवर शाळा काढायला कुठला मास्तर धजेल? त्याचं पोट कसं भरेल? प्रश्न अवघड की सोपे, हा फुल्यांचा मुद्दाच नाही. निकालावर भाकरी ठरली की मास्तरची नजर कुणाकडं वळते आणि कुणावरून उडते, ते त्यांना दिसलं होतं.

मॅट्रिकनं मात्र हा निवाडा थेट मुलावर ठेवला. मुंबई विद्यापीठ 1857 चं, पहिली मॅट्रिक 1859 ची; महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीत होते. पुढं शंभरेक वर्षं मॅट्रिक ही माणसाची जातकुळीच होऊन बसली. ‘नॉनमॅट्रिक’ हा शब्द नोकरीच्या अर्जात चाले आणि स्थळं बघतानाही.

तरी मॅट्रिकला नुसत्या शिव्या घालणं मला जमत नाही. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, आडनाव नसतं. आपल्याकडं आडनाव सांगितलं की निम्मी मुलाखत तिथंच संपते. ज्या पोराच्या मागं वशिला नाही, ज्याच्या बापाला साहेबाच्या दारात उभं राहायची सोय नाही, त्याला तो क्रमांक हे मोठं संरक्षण होतं. माझ्या घरातली पहिली सरकारी नोकरी त्याच क्रमांकानं मिळवून दिली. परीक्षा बंद करा म्हणणारे बहुतेक लोक परीक्षा पास होऊन चांगल्या जागी बसलेले असतात, हेही मी पाहिलंय.

खरी गंमत बुद्धिमत्ता चाचणीची आहे. पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली थिओडोर सिमॉन यांच्याबरोबर पहिली मोजपट्टी केली. ती हुशार पोरं निवडायला नव्हती, तर नेहमीच्या वर्गात कोण मागं पडतंय आणि कुणाला वेगळी मदत लागेल हे शोधायला होती. बुद्धी म्हणजे जन्माचा शिक्का नव्हे, हे त्यांनी परोपरीनं सांगितलं. 1911 साली ते वारले. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी 1916 मध्ये त्या पट्टीला नवं रूप दिलं, पाठोपाठ महायुद्धात लाखो सैनिक तशाच चाचण्यांनी मोजले गेले, आणि 1926 साली कॉलेज प्रवेशाची सॅट आली. मदत शोधायची पट्टी वीस वर्षांत चाळणी झाली. आपल्याकडं धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी बिनेंची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे आणि तिचं काम पुष्कळसं बिनेंच्या मनातलंच आहे: मूल कुठं अडतंय ते बघणं. शिष्यवृत्तीच्या पेपरात मात्र ‘बुद्धिमत्ता’ हा शब्द तेवढा आला. हेतू वाटेत कुठंतरी गळला.

मग ‘बोर्डात येणं’. गुणवत्ता यादी, वर्तमानपत्रातला पेढा भरवतानाचा फोटो, लातूर पॅटर्न. लातूरनं पुण्या-मुंबईची मक्तेदारी मोडली, हे मान्यच केलं पाहिजे. सराव, चाचणी, पुन्हा सराव हे त्याचं इंजिन होतं. ते इंजिन पुढं पाचवीच्या वर्गात आणून बसवणारे आम्हीच.

2010 पासून शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक आणि संकलित आलं. प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची: विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना सोन्यासारखी होती. कोयत्याचं उत्तर लिहायला अख्ख्या व्यवस्थेत तेवढीच एक जागा होती. पण सत्र संपताना चाळीस नोंदवह्या समोर असत, आणि बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळत. ‘स्वतःचे अनुभव आत्मविश्वासाने सांगते’ हे वाक्य मी किती मुलींना चिकटवलं, ते आता मोजवत नाही.

दुसरीकडं ‘असर’च्या शैक्षणिक पाहण्या दरवेळी तेच सांगत होत्या: ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा धडा नीट वाचता येत नाही. स्वयंसेवक घरी जातो, एका मुलासमोर बसतो, चार ओळी वाचून घेतो; मुलाला ना गुण मिळतात ना निकाल. ती परीक्षा शाळेची, शासनाची. पण त्या आकड्यांवरून निघालेला निष्कर्ष फिरून मुलाच्याच दारात आला: नापास करत नाही म्हणून शिकत नाहीत. 2019 मध्ये कायदा बदलला, 2023 मध्ये महाराष्ट्रानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. नापास झालं तर जादा मार्गदर्शन, दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा, तरी जमलं नाही तर तोच वर्ग. मधल्या 2021 सालचं तर विसरूच नये. करोनामुळं दहावीची परीक्षा झाली नाही, निकाल 99.95 टक्के लागला, पण त्याआधीच अकरावीसाठी नवी सीईटी जाहीर झाली होती. ती उच्च न्यायालयाला रद्द करावी लागली. परीक्षेविना दोन महिने काढणं आपल्याला झेपलं नाही.

कोयत्याच्या त्या उत्तरानंतर, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या सराव परीक्षेत अवजारांचा तोच प्रश्न पुन्हा आला. सराव संचांत प्रश्न फिरून येतातच. त्या मुलीनं नांगराचा गोल काळा केला, कडेबाहेर जराही न जाता. मी दोन गुण दिले. भाऊबीज झाली आणि ती आईबापांबरोबर टोळीच्या ट्रकमधून गेली. फेब्रुवारीत परीक्षा झाली, तेव्हा तिच्या बैठक क्रमांकापुढं मीच गैरहजर लिहिलं.