कोणाच्या घड्याळात?

‘कृष्णविवरात पडणाऱ्याला क्षितिजापर्यंत पोचायला अनंत काळ लागतो.’ हे तुझं वाक्य. तुझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा ओढून. कोणाच्या घड्याळात रे? पडणाऱ्याच्या? मग त्याच पानावर वर जे इंटिग्रल सोडवलंयस, त्याचं उत्तर सांत आलंय, ते कुणाचं? गणित बरोबर केलंस आणि चार ओळींनंतर स्वतःच्याच उत्तरावर बोळा फिरवलास.

ढ मुलावर मी इतका चिडत नाही. तू ढ नाहीस, म्हणून संताप येतो. जिओडेसिकचं समीकरण तोंडपाठ, ख्रिस्टोफेल सिम्बॉल झोपेत काढशील. पण मेट्रिकमध्ये ‘टी’ दिसला की त्याला काळ म्हणून मोकळा! का? शाळेपासून टी म्हणजे वेळ लिहीत आलास म्हणून? अक्षर ओळखीचं, म्हणून विचार करायचं काम संपलं?

टी हा घटनांना लावलेला नंबर आहे. सर्व्हे नंबर 41 आणि 42 यांची वजाबाकी करून बांधाची लांबी कळते का? साखळी धरावी लागते. इथे ती साखळी म्हणजे मेट्रिक, आणि तिनं मोजून मिळतो तो टाऊ, प्रॉपर टाइम. घड्याळ फक्त टाऊ दाखवतं, तोही स्वतःच्या वाटेवरचा. श्वार्झशिल्डच्या मेट्रिकमधला टी फार दूर स्थिर असलेल्या घड्याळाशी जुळतो, इतकंच. क्षितिजाशी तो अनंताकडे धावतो, कारण नंबर लावायची ती पद्धत तिथे कोलमडते. पडणाऱ्याचं तिथे काहीच अडत नाही. आणि क्षितिजाच्या आत? टीच्या पदाचं चिन्हच उलटतं. आत टीला काळ म्हणायची सोयसुद्धा राहत नाही. ते चिन्ह तुला दिसलं नव्हतं? दिसलं होतं. तू डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंस.

‘सर, मोठमोठ्यांचाही इथे गोंधळ झाला होता.’ झाला होता. श्वार्झशिल्डचं उत्तर 1916 चं. पेनलव्हेनं 1921 मध्ये आणि गुलस्ट्रँडनं 1922 मध्ये दुसरे को-ऑर्डिनेट मांडले, तरी त्यांचा अर्थ लागला नाही. क्षितिजावरची अडचण खोटी आहे, हे लमेत्रनं 1933 मध्ये दाखवलं. याच विषयावरचा फिंकेलस्टाइनचा निबंध तर 1958 चा. त्या माणसांना अंधारात चाचपडावं लागलं. तुझ्यापुढे सगळं छापून ठेवलंय. त्यांच्या गोंधळामागे लपायचा तुला काय अधिकार?

त्या पेनलव्हेकडेच नीट बघ. तेच कृष्णविवर, तोच पडणारा. श्वार्झशिल्डचा को-ऑर्डिनेट टाइम म्हणतो अनंत, पेनलव्हेचा म्हणतो सांत. दोघांतला खरा कोण, असं तू मला वर्गात विचारलंस! प्रश्नच चुकला. टाऊ काढ. तो दोन्हीकडे एकच येतो. आकाशगंगेच्या मध्याशी चाळीस लाख सूर्यांएवढं कृष्णविवर आहे. फार दुरून, स्थिर स्थितीतून कुणी त्यात पडला, तर क्षितिज ओलांडल्यावर त्याच्या घड्याळात अर्धं मिनिटही जात नाही आणि सगळं संपतं. हे गणित तुला दहा मिनिटांचं आहे. कधी केलंस?

उपग्रहाच्या प्रश्नातही तोच आळस. जीपीएसचं घड्याळ दिवसाला 45 मायक्रोसेकंद पुढे जातं, असं लिहिलंस. स्थिर घड्याळाचं सूत्र उचललंस आणि चिकटवलंस. तो उपग्रह जागेवर उभा आहे का? वेगामुळे त्यातले 7 वजा होतात, उरतात 38. वर्तुळाकार कक्षेत वर्गमुळाखालच्या गुरुत्वाच्या पदाचा गुणक 2 नाही, 3 येतो. टी आणि टाऊचं गुणोत्तर जागेवर तर ठरतंच, पण वाटेवरही ठरतं. हे मी तीनदा फळ्यावर लिहिलं. तू तीनदा उतरवून घेतलंस. वाचलंस एकदा तरी?

‘पुढे यातलं काय लागणार आहे?’ हेही तूच विचारलंस. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. तिथे पल्सारचे ठोके टिपतात. ते ठोके तिथल्या घड्याळाच्या वेळेत तसेच वापरता येत नाहीत. पृथ्वी जानेवारीत सूर्याजवळ असते, वेगानंही जाते, म्हणून आपली घड्याळं वर्षभरात सुमारे 1.7 मिलिसेकंद मागेपुढे होतात. मायक्रोसेकंदाच्या हिशेबात ही चूक डोंगराएवढी. म्हणून प्रत्येक ठोका सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राशी बांधलेल्या को-ऑर्डिनेट टाइममध्ये बदलून घेतात. तो काळ थेट दाखवणारं घड्याळ जगात कुठेच नाही. तो हिशेबानंच काढायचा. तुला पल्सारवर काम करायचंय ना? मग हा फरक न कळता कोणत्या तोंडानं जाणार आहेस?

‘टेन्सर पक्के झाले की अर्थाकडे वळेन,’ ही पळवाट आता बंद. तुझे टेन्सर कधीच पक्के झालेत. तुला भीती आहे ती प्रत्येक ओळीशी थांबून ‘हा कोणाचा काळ?’ असं विचारायची. कारण ते विचारलं की घोकलेलं निम्मं गळून पडेल. पडू दे.

आज रात्री वही काढ. एकच पडणारा घे, श्वार्झशिल्डमध्ये सोडव आणि पेनलव्हेमध्येही सोडव. प्रत्येक उत्तरापुढे मराठीत लिही: हे कोणत्या घड्याळातलं, की कोणत्याच घड्याळातलं नाही. दोन्हीकडचा टाऊ जुळत नाही तोवर झोपू नकोस. तुला जमतं, हे मला ठाऊक आहे. गुरुवारी वही माझ्या टेबलावर हवी.